कॅम्पर ट्रेलर उभा करताना ड्रिल कुठवर, हँडल कुठून

मुक्कामाच्या जागी पोचलं की गाडीमागे जोडून न्यायच्या, आत राहता येणाऱ्या कॅम्पर ट्रेलरची फिरवाफिरवी सुरू होते. पुढचा जॅक फिरवून ट्रेलर समतल करायचा, चार कोपऱ्यांचे जॅक फिरवून जमिनीला टेकवायचे आणि छत वर उचलायचा प्रकार असेल तर विंच (दोर गुंडाळून ओढणारी चक्री) फिरवून छत उघडायचं. कंपनी या सगळ्यासाठी एक वाकडं हँडल देते. पहिल्याच मुक्कामात दंड भरून येतात आणि घरी परतल्यावर माणूस बॅटरीवरच्या ड्रिलच्या किमती बघायला लागतो. कोल्हापुरात तर हे ठरलेलंच. घरात नाहीतर गल्लीत कुणीतरी लेथवर, फाउंड्रीत किंवा गॅरेजात कामाला असतोच आणि तो म्हणतोच, ‘हातानं कशाला फिरवालाईस मर्दा, ड्रिल लाव की!’

लावा, जरूर लावा. फक्त कुठवर लावायचं ते आधी ठरवा. माझं मत असं: जॅक मोकळा फिरतोय तोवर ड्रिल, भार आला की हँडल. छताच्या विंचला मात्र ड्रिल लावायचंच नाही. विंच बनवणाऱ्यानं तशी लेखी मुभा दिली असेल तरच. नव्यानं ट्रेलर घेतलेल्यांना हे कारणांसकट कळलं तर पटेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी खाली वाकून बघा

ड्रिल विकत घेण्याआधी ट्रेलरखाली टॉर्च मारून बघा. फिरवायच्या जागा तीन प्रकारच्या असतात आणि तिन्हींचं काम वेगळं आहे.

पहिला म्हणजे पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावरचा जॅक. गाडी सोडवल्यावर ट्रेलरचं नाक यावर उभं राहतं. नीट भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के वजन पुढे येतं. म्हणजे हजार किलोच्या ट्रेलरला या जॅकवर १०० ते १५० किलो.

दुसरे चार कोपऱ्यांचे. यांनाही आपण जॅकच म्हणतो आणि सगळा घोळ तिथंच होतो. मोटारीचं चाक बदलताना जॅकनं गाडी उचलतात, तशी या जॅकनं ट्रेलर उचलायचा नसतो. वजन चाकांवर आणि पुढच्या जॅकवरच राहतं. हे चार फक्त टेकू आहेत, आत माणूस चालला की ट्रेलर डुलू नये म्हणून दिलेले. त्यांच्यावर ट्रेलर उचलायला गेलात तर चौकट पिळते.

तिसरी छताची विंच. तिच्याकडे नंतर येऊ.

आता फिरवायच्या टोकाकडे बघा. कोपऱ्यांचे जॅक बहुधा कात्रीसारखे उघडणारे, म्हणजे सिझर जॅक असतात. त्यातल्या बऱ्याच जणांना षटकोनी डोकं असतं आणि त्यावर १९ मिलिमीटरची गोटी (सॉकेट) बसते. पण काहींना नुसती खाच असते, काहींना आडवी पिन, काहींना आकडा अडकवायचं कडं. षटकोनी डोकं नसेल तर ड्रिलचा विचार तिथंच सोडा. कड्यात आकडा घालून ड्रिलनं फिरवायला गेलं की आकडा उसळतो आणि नडगीवर बसतो.

ड्रिल कसलं हवं

बॅटरीवरचं, १८ व्होल्टचं ड्रिल-ड्रायव्हर पुरतं. दुकानदार २० व्होल्टचं वरचढ म्हणून दाखवेल, पण आत दोन्हींत पाचच सेल असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर ४ व्होल्टनं मोजले तर २०, नेहमीच्या ३.६ नं मोजले तर १८. व्होल्टपेक्षा तीन गोष्टी बघा.

एक, वेग बदलायचं बटण. १ आकड्यावर वेग कमी आणि जोर जास्त, २ वर उलट. आपलं काम कायम १ वर. दोन, पुढची आकड्यांची क्लचची कडी. ठरावीक जोर आला की क्लच कडकड आवाज करत घसरतो आणि चक, म्हणजे ड्रिलचा पुढचा जबडा, थांबतं. नव्या माणसासाठी हीच सगळ्यात मोलाची सोय. काही ड्रिलवर हातोडीचं चिन्ह असतं. ते भिंतीसाठी आहे, इथं नको. तीन, बाजूला लावायची मूठ. ही बहुतेक जण खोक्यातच ठेवून देतात. ६० न्यूटन मीटरचा पीळ देणारं ड्रिल अचानक अडकलं तर ते उलट तुमचा हात फिरवतं. मुख्य मूठ चकच्या मध्यापासून १५ सेंटिमीटरवर असेल तर त्या क्षणी तळहाताला ४० किलोचा हिसका बसतो. बाजूच्या ३० सेंटिमीटर लांब मुठीला धरलंत तर तोच हिसका निम्म्यावर येतो. मनगटाच्या दुखापती अशाच होतात, त्याही ट्रेलरखाली अंग वाकडं करून बसलेलं असताना.

इम्पॅक्ट रेंच घ्यावा का? टायरवाल्याच्या दुकानात तो नट कसे टर्रकन सोडतो ते बघून मोह होतो. माझा सल्ला, नको. इम्पॅक्ट सलग फिरवत नाही, आतून मिनिटाला हजारो ठोके मारतो. गंजून बसलेला नट सोडवायला ते बरं. जॅकच्या लांब स्क्रूला मात्र रोज तसे ठोके बसले तर आटे झिजतात, टोकाची पिन सैल होते. शिवाय बऱ्याच इम्पॅक्ट ड्रायव्हरना नेमक्या जोरावर सुटणारा क्लचच नसतो. ट्रिगर सोडेपर्यंत ठोकत राहतात. आवाजाचं तर बोलायलाच नको. संध्याकाळी पन्हाळ्यावर शेजारच्या तंबूत लेकरू झोपलेलं असेल किंवा दाजीपूरच्या बाजूला जंगलाच्या कडेला परवानगीच्या जागी उतरला असाल, तर त्या टरटरीनं तुमची ओळख चांगली होत नाही.

जोडणीचा दांडा

जॅकचं डोकं चौकटीच्या आत असतं, त्यामुळे गोटी थेट ड्रिलला लावून भागत नाही. एक लांब दांडा लागतो: एका टोकाला १९ ची गोटी, दुसरं टोक चकमध्ये बसेल असं. तयार मिळतो. आपल्याकडे मात्र कारखान्यांच्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडून दुपारपर्यंत करून मिळतो आणि तो तुमच्या ट्रेलरच्या मापाचा होतो. तीन गोष्टी सांगून करून घ्या. चकमध्ये जाणारं टोक गोल नको, षटकोनी हवं; तीन जबड्यांच्या चकमध्ये गोल टोक भार आला की घसरतं. १० मिलिमीटरचं षटकोनी टोक नेहमीच्या १३ च्या चकमध्ये छान बसतं. लांबी अशी की ट्रेलरच्या बाहेर उकिडवं बसून ड्रिल धरता यावं, अंगाखाली चिखल येऊ नये. आणि गोटी खोल हवी, म्हणजे फिरताना निसटत नाही.

वेल्डिंग करून घेतलं असेल तर दांडा सरळ आहे का, हे सपाट फरशीवर लोळवून बघा. किंचित वाकडा असला तरी ड्रिलवर तो लचकत फिरतो आणि हात हादरवतो. असा दांडा करून देणारा एक मिस्त्री मला म्हणाला होता, ‘मोटर जोर लई दावती सायेब, पर थांबायचं तिला कळत न्हाई. ते तुमी बघायचं.’

मुक्कामावरचा क्रम

पहिल्यांदा हे घराजवळच्या मोकळ्या मैदानात करून बघा. गल्लीत केलंत तर दहा जण गोळा होतील आणि प्रत्येक जण वेगळा सल्ला देईल.

गाडी जोडलेली असतानाच ट्रेलर आडवा समतल करा. दारात पाणसळ (बुडबुड्याची समतल पट्टी) ठेवा. डावं चाक खाली असेल तर डाव्या चाकापुढे फळी ठेवून गाडी हळू पुढे घ्या आणि ट्रेलर फळीवर चढवा. ही बाजू जॅकनं सरळ करता येत नाही आणि करूही नये.

मग चाकांच्या पुढे-मागे ठोकळे. हे झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही. आपल्याकडच्या मुक्कामाच्या जागा सपाट क्वचितच असतात. सगळे जॅक नीट लावून ठोकळे विसरलेला ट्रेलर उतारावर काय करेल ते सांगायला नको.

पुढचा जॅक खाली घ्या. त्याचं हँडल निघत असेल आणि टोक षटकोनी असेल तर पाय जमिनीला टेकेपर्यंत ड्रिल चालेल. टेकल्यावर ड्रिल बाजूला. आता नाक गाडीमागच्या जोडणीच्या बॉलवरून उचलायचं आहे, म्हणजे पहिल्या फेरीपासून भार. इथं हँडल. गाडी सुटली की पाणसळ ट्रेलरच्या लांबीत ठेवा आणि याच जॅकनं पुढची-मागची बाजू समतल करा. शेवटच्या फेऱ्यांत बुडबुडा केसभर सरकतो, तिथं ड्रिलच्या ट्रिगरवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

आता कोपऱ्यांचे चार, जिथं ड्रिलचा खरा फायदा. घडी घातलेला सिझर जॅक जमिनीपर्यंत यायला बऱ्याच फेऱ्या लागतात आणि त्या सगळ्या रिकाम्या. वेग १ वर, क्लच खालच्या आकड्यावर, ट्रिगर हळू. पाय जमिनीपासून दोन बोटं वर आला की थांबा. खाली फळी सरकवा. उरलेलं हँडलनं. पाय फळीला टेकला हे हाताला कळतं, त्यानंतर अर्धी ते एक फेरी. पुरे.

इथं कुणीतरी म्हणेल, क्लच आहे ना, मग तो घसरेपर्यंत ड्रिलच चालवू. चारही कोपऱ्यांना तोच आकडा, म्हणजे चारही सारखे घट्ट. ऐकायला बरोबर वाटतं. पण सिझर जॅकची गंमत अशी की तो बसका असतो तेव्हा फिरवायला जड जातो आणि एका फेरीत जास्त उचलतो. उंच झाला की उलट. फिरवायला हलका आणि उचल थोडी, पण रेटा मोठा. जमीन एका कोपऱ्यात खोल असेल तर तिथला जॅक जास्त उघडलेला असतो. क्लचचा तोच आकडा त्या कोपऱ्यात चौकट वर रेटतो आणि शेजारच्या कोपऱ्यात नुसता टेकतो. क्लचला फक्त स्क्रूवरचा जोर कळतो, चौकटीवर किती भार गेला ते कळत नाही.

चौकट पिळली का, हे बघायची साधी खूण म्हणजे दार. ट्रेलरचं दार उघडून सोडा आणि बंद करा. कुलपाची जीभ खाचेत सरळ जात नसेल, दार वरच्या कोपऱ्यात घासत असेल, तर एखादा जॅक जास्त वर गेलाय. समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांतले दोन जॅक पाव फेरीनं सैल करून पुन्हा बघा.

माती तीन तऱ्हेची

फळी घालायची सांगितली ती उगीच नाही. जिल्ह्यात पूर्वेकडे नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात काळी माती, पश्चिमेकडे चढू लागलं की तांबडी, आणि मसाई पठारासारख्या सड्यावर थेट जांभा. तिन्ही ठिकाणी जॅक वेगळा वागतो.

काळी माती वरून सुकलेली दिसते आणि आतून मऊ असते. जॅकचा पाय १० बाय १० सेंटिमीटरचा धरला आणि त्यावर १०० किलो आले, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक किलो. त्याच पायाखाली ३० बाय ३० ची जाड फळी घातली तर जेमतेम ११० ग्रॅम. फळी नसताना ड्रिल चालवलंत तर क्लच घसरतच नाही, कारण माती मागे सरत असते. ड्रिल फिरतंय, जॅक उघडतोय, तुम्हाला वाटतं काम चाललंय आणि पाय मात्र मातीत रुततोय. हँडलवर हे लगेच कळतं: भार येतो, पुन्हा हलकं होतं, पुन्हा येतो. फळीसाठी लाकडाच्या वखारीतले जाड तुकडे घ्या. सेंट्रिंगच्या प्लायवूडचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवले तरी चालतं. पातळ प्लाय एकटा वाकतो आणि मधेच दबतो.

जांभ्यावर उलटा प्रकार. दगड काही सरत नाही. पाय टेकला की भार एकदम शून्यावरून पूर्ण, आणि जोरात फिरणारं ड्रिल तिथं हिसका देतं. वर सांगितलेली बाजूची मूठ इथं कामी येते. जांभ्याचा पृष्ठभाग खडबडीत असल्यानं पायाचा एकच कोपरा टेकतो, म्हणून इथंही फळी हवी, रुतू नये म्हणून नाही तर पाय सपाट बसावा म्हणून.

तांबड्या मातीचं एका वाक्यात: कोरडी असेल तर त्रास नाही, पावसात तिला काळीसारखं वागवा. गगनबावड्याकडे पावसाळ्यात जाणार असाल तर ड्रिल डिकीतच राहू द्या. बॅटरीचं ड्रिल धो धो पावसासाठी बनवलेलं नसतं, हँडलला पाऊस चालतो.

छताची विंच: इथं हातच

छत वर उचलणाऱ्या ट्रेलरमध्ये एका विंचवरून तारेचा दोर आत जातो, पुल्यांवरून चार कोपऱ्यांना फुटतो आणि एकात एक सरकणारे चार खांब वर ढकलतो. म्हणजे एकाच हँडलमागे कितीतरी पुल्या, दोर, स्प्रिंगा, आणि त्यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. तुमच्यापाशी त्याची बातमी येते ती फक्त हँडलमधून.

नेहमीची चूक बघा. छताला चार बाजूंना कड्या असतात. तीन उघडल्या, चौथी राहिली. हातानं फिरवताना दोन-चार फेऱ्यांत हँडल जड होतं आणि आपण उठून बघतो. ड्रिल लावलेलं असेल तर कुणी उठत नाही. छताचा एक कोपरा अडकून उरलेले तीन वर चढतात आणि एखादा खांब वाकतो, पत्रा फाटतो किंवा दोर तुटतो. असाच धोका पूर्ण वर गेल्यावर. छत वर पोचल्यावर हाताला कळतं, ड्रिलला कळेपर्यंत दोर ताणलेला असतो.

शिवाय विंचची अंतर्रचना. बऱ्याच विंचमध्ये घर्षणाच्या चकत्यांचा ब्रेक असतो. हँडल सोडलं तरी छत खाली येत नाही ते त्याच्यामुळे. वर नेताना येणारा टकटक आवाज त्याचाच. छत खाली आणताना मात्र तुम्ही त्या ब्रेकविरुद्ध फिरवत असता. हातानं सावकाश फिरवलं तर चालतं. ड्रिलच्या वेगानं चकत्या तापतात, गुळगुळीत होतात आणि ब्रेकची पकड जाते. वर्म गिअरच्या (स्क्रूसारख्या आट्यांनी दातेरी चाक फिरवणाऱ्या) विंचमध्ये चकत्या नसतात, पण तिथंही गिअर एकमेकांवर घासूनच भार धरतात, त्यामुळे वेगानं फिरवलं की तापतात आणि दाते झिजतात. म्हणून छत उतरवायला तर ड्रिल अजिबात नको.

काही विंच ड्रिलसाठीच बनवलेल्या असतात. त्यांना मुळातच षटकोनी शाफ्ट असतो आणि सोबतच्या कागदात किती वेगानं फिरवायचं ते लिहिलेलं असतं. तुमची तशी असेल तर खुशाल लावा, दिलेल्या वेगातच. हँडल काढल्यावर आत षटकोनी टोक दिसलं, एवढ्यावर मात्र ‘ड्रिलची आहे’ असं ठरवू नका.

हातानं उघडायची रीत अशी. चारही कड्या उघडल्या का, ट्रेलरला फेरी मारून हात लावून बघा. छतावर सामान, साचलेलं पाणी, पालापाचोळा असेल तर काढा. वीतभर उचला, थांबा, चारही कोपरे सारखे वर आलेत का बघा. एक मागे असेल तर खाली घेऊन कारण शोधा. मग सलग वर न्या. पहिल्यांदा छत पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीवर पोचलं की त्या क्षणी विंचजवळच्या दोरावर रंगाचा एक पट्टा मारून ठेवा. पुढच्या वेळी पट्टा त्या जागी आला की थांबायचं. काही महिन्यांनी पट्टा जागी आला तरी छत त्या उंचीवर पोचत नसेल तर दोर ताणला गेलाय, दाखवून घ्या. दोराची एखादी तार सुटून उभी राहिलेली दिसली तर त्या दोरावर छत उचलायचं नाही. आणि छत वर असताना त्याखाली डोकं घालून काही करण्याआधी आधाराचे खांब किंवा पिना लावा.

आवरताना

क्रम उलटा: आधी छत, मग कोपऱ्यांचे जॅक, मग गाडी जोडणं, शेवटी चाकांचे ठोकळे. छत हातानं. कोपऱ्यांचे जॅक पहिली एक-दोन फेरी हँडलनं सैल करा. रात्रीत ते मातीत बसलेले असतात आणि ड्रिल पहिल्याच झटक्याला मनगट फिरवतं. सुटले की मात्र पूर्ण वरपर्यंत ड्रिलनं न्या. घाईच्या सकाळी वेळ वाचतो तो इथंच. फक्त वर टेकायच्या आधी बोटभर थांबून शेवटचं हातानं, नाहीतर जॅक स्वतःच्याच पायात आवळून बसतो आणि पुढच्या मुक्कामाला निघता निघत नाही.

फिरणाऱ्या दांड्याजवळ ओढणी, उपरणं, सैल हातमोजे नकोत. दांडा पकडून ‘जरा आधार देतो’ म्हणणाऱ्या मदतनीसाला ड्रिल बंद असतानाच जवळ येऊ द्या.

बॅटरी एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नका, सावलीत सामानात ठेवा. जॅकच्या आट्यांवर चिखल वाळलेला असेल तर ब्रशनं झाडून मग ग्रीस लावा. चिखलावर ग्रीस चोपडलं तर ते आट्यांना कानशीसारखं घासतं. विंचच्या ब्रेकच्या चकत्यांना मात्र तेल-ग्रीस काहीही लागू द्यायचं नाही. दोराला आणि बेअरिंगला किती वंगण, हे पुस्तिकेत दिलेलं असतं.

आणि कंपनीचं वाकडं हँडल ड्रिल आलं म्हणून माळ्यावर टाकू नका. ते ट्रेलरमध्येच, दाराजवळ, हाताशी लागेल असं टांगा. बॅटरी नेमकी संपते ती अंधारात, चार जॅकपैकी तिसऱ्यावर.